मूल शांत झालं, पण कशानं ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका निवासी संस्थेवर पानभर लेख आला आहे. भिंतीवर डोकं आपटणारा, मनगट चावून रक्त काढणारा चौदा वर्षांचा मुलगा तिथे काही महिन्यांत कसा ‘शांत’ झाला, हे त्यात कौतुकानं सांगितलंय. उपाय असे: हात चावला की जिभेवर कारल्याचा रस, डोकं आपटलं की हात खुर्चीला बांधून अर्धा तास कोपऱ्यात, आणि दिवसभर ‘चांगला’ राहिला तरच संध्याकाळचं खाणं. लेखात याला ‘प्रेमळ शिस्त’ म्हटलंय. मी मिरजेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत विशेष शिक्षिका आहे. सोमवारी सकाळी शाळेच्या दारातच एका आईनं ते कात्रण माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, “बाई, आपण पण हे करून बघूया का?” तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण असं कात्रण जपून ठेवलेली ती एकटीच आई नसणार.

त्या आईचा मला जराही राग आला नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलेलं नाही त्यांना ‘मूल स्वतःला मारून घेतं’ म्हणजे हट्टाचा प्रकार वाटतो. डोळ्यावर बुक्क्या मारून घेणाऱ्या मुलांच्या डोळ्यातला पडदा सुटतो आणि नजर जाते. कानावर सतत मार बसला की कान सुजून कायमचा वेडावाकडा होतो. चावलेली जखम भरायच्या आत पुन्हा फुटते, तिच्यात पू होतो. अशा घरात रात्री कुणीतरी एक जण जागंच असतं. आई लग्नाकार्याला जात नाही, शेजारी विचारतात ‘पोराला मारता का हो?’, आणि वडील दर महिन्याला नव्या डॉक्टरचा पत्ता घेऊन येतात. इतकं थकलेलं माणूस कशालाही हो म्हणेल. म्हणूनच त्याच्यासमोर काय ठेवायचं याची जबाबदारी आमची आणि तुमचीही आहे.

त्या पानभर लेखात एक प्रश्न कुठेच विचारलेला नाही: हा मुलगा डोकं का आपटत होता?

हा प्रश्न नवा नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये नऊ मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. प्रत्येक मुलाला थोडा थोडा वेळ वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एकदा स्वतःला मारलं की मोठं माणूस जवळ येऊन काळजीनं बोलणार. एकदा अवघड काम समोर, आणि मारलं की काम बाजूला. एकदा मूल एकटंच, तर एकदा खेळणी, गप्पा आणि कसलीच मागणी नाही. इजा ठरलेल्या मर्यादेपुढे गेली तर सत्र तिथेच थांबवायचं, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी ठरलेलं होतं. एकाच प्रकारची कृती वेगवेगळी मुलं वेगवेगळ्या कारणांनी करतात, हे त्यातून दिसलं. पुढे १९९४ मध्ये त्यांनी १५२ जणांची माहिती एकत्र मांडली. त्यात सुमारे ३८ टक्के जण काम किंवा नकोशी गोष्ट टाळण्यासाठी हे करत होते, साधारण २६ टक्के जण लक्ष किंवा हवी ती वस्तू मिळवण्यासाठी, आणि जवळपास तितक्याच जणांना समोर कुणी असण्या-नसण्यानं फरकच पडत नव्हता. शरीराला त्यातूनच काहीतरी मिळत होतं.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेनं १९९२ मध्येच भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी तयार केली. तिच्यात समस्यावर्तनाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात स्वतःला इजा करण्याचा गट आहे. विशेष शिक्षणाची पदविका घेताना आम्ही ती शिकतो. ‘आधी काय झालं, मूल काय वागलं, नंतर काय झालं’ हे तीन रकाने या शाळांमधल्या शिक्षकांना नवे नाहीत. फक्त ते भरायला वेळ आणि माणूस लागतो.

माझ्या वर्गात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. बोलता येत नव्हतं. तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं तो उजव्या कानशिलावर असा मारून घ्यायचा की आवाज व्हरांड्यात ऐकू यावा. आम्ही एक शंभर पानी वही घातली आणि ती मदतनीस मावशींच्या ताब्यात दिली. मावशी सातवी शिकलेल्या, पण त्यांच्याइतक्या नेमक्या नोंदी मी पदवीधरांच्याही पाहिल्या नाहीत. ‘११.४०. मणी ओवायचं ताट ठेवलं. चारदा मारलं. ताट उचललं. थांबला.’ असं पानामागून पान. काही आठवड्यांनी वही घेऊन बसलो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या.

काही दिवस असे होते की तो सकाळी रिक्षातून उतरल्यापासूनच मारत होता, समोर काम नसतानाही. त्याच दिवसांपुढे मावशींनी लिहिलं होतं, ‘टोपी ओढून कानावर घेतो’, आणि एकदा, ‘आई म्हणाली उशीला डाग’. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं तर कानाच्या पडद्याला छिद्र आणि आत पू. औषधानं कान कोरडा झाला आणि ते सकाळचं मारणं गेलं. या मुलाला कुणी शिक्षा केली असती तर ती कान दुखतो म्हणून झाली असती. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्याचे कान, दात, पोट, बद्धकोष्ठता, मुलगी असेल तर पाळीचं दुखणं, फिट्स आणि त्यांवरची औषधं हे सगळं तपासल्याशिवाय त्याच्या वागण्यावर कसलाही उपाय सुरू होता कामा नये. माझ्या मते नीतीचा पहिला मुद्दा हाच आहे, आणि त्याला कसलं तत्त्वज्ञान लागत नाही.

दुसरी गोष्ट त्या मण्यांच्या ताटाची. ताट आलं की मारायचं, ताट उचललं की थांबायचं. ताट उचलणाऱ्याचा यात दोष नाही. डोळ्यांदेखत मूल स्वतःला मारतंय म्हटल्यावर कुणीही उचलेल. पण ‘नको’ सांगायची हीच एक रीत इथे चालते, एवढं त्या मुलाला त्यातून कळलं होतं. तेव्हा त्याला दुसरी रीत द्यायची ठरली. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर स्केचपेननं उघडा तळहात काढला, वरून सेलोटेप चिकटवला आणि ते कार्ड ताटाशेजारी ठेवलं. ताट समोर आलं की तो मारायच्या आत मावशी मागून त्याचा हात अलगद कार्डावर टेकवायच्या आणि मी “बरं, थांबूया” म्हणून ताट लगेच उचलायची. दर वेळी, न चुकता. स्टाफरूममध्ये कुरकुर झाली की त्याला आयता कामचुकारपणा शिकवला जातोय. पण कार्डाला हात लावला की खरंच ऐकलं जातं यावर त्याचा विश्वास बसणं, हाच तर सगळा उपाय होता. तो बसल्यावर ‘एक मणी, मग कार्ड’ झालं, मग तीन मणी, मग अख्खी ओळ. मणीही बदलले. बारीक छिद्राचे काढून मोठे लाकडी आणले, कारण त्याच्या बोटांना ते बारीक मणी झेपतच नव्हते आणि मूळ त्रास तिथे होता. पावसाळ्यात सुरू केलेलं हे काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत इतकं पुढे गेलं की कानशिलाकडे हात क्वचितच जायचा. पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. सुट्टीनंतर परत आला की पहिले काही दिवस जुनं दिसायचंच.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये हाच मार्ग मांडला होता: मूल ज्या कारणासाठी इजा करून घेतंय, तीच गोष्ट मागण्याचं साधं साधन त्याच्या हातात द्या आणि ते वापरलं की ती गोष्ट त्याला मिळू द्या. एखाद्या वागण्यानंतर हवी ती गोष्ट मिळाली की ते वागणं बळावतं, याला आमच्या अभ्यासक्रमात प्रबलन म्हणतात. प्रबलन म्हणजे चॉकलेट, असा गैरसमज फार आहे. त्या मुलाला चॉकलेट नको होतं, थोडी सुटका हवी होती.

आता लेखातला उपाय याच नजरेनं पाहा. डोकं आपटलं की अर्धा तास कोपऱ्यात. मुलाला काम टाळायचं असेल तर हे त्याच्या मनासारखंच झालं. उद्या तो आणखी जोरात आपटेल. जो लक्ष वेधण्यासाठी करतो त्याला चार माणसं धावत येऊन ओरडतात तेव्हा हवं ते मिळतं. शिक्षा कोणती आणि बक्षीस कोणतं हे आपल्या हेतूवरून ठरत नाही, मुलाच्या पुढच्या वागण्यावरून ठरतं. ‘दुर्लक्ष करा, आपोआप बंद होईल’ हा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. दुर्लक्ष सुरू केलं की वागणं उतरण्याआधी काही वेळा चढतं, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. हट्टानं ताट वाजवणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो चढ सोसता येतो. फरशीवर डोकं आपटणाऱ्याच्या बाबतीत तो चढ म्हणजे टाके.

काही मुलं अशीही असतात की वहीत कसलाच आकार दिसत नाही. एक मुलगी एकटी असताना, खिडकीशी उभी राहून, अगदी निवांतपणे तळहाताची मागची बाजू चावायची. तिथे कातडीला जाड घट्टा पडलेला. तिला चावायला मऊ रबरी नळी दिली, हातांना पीठ मळण्यासारखं काम दिलं, दिवसाचे रिकामे तास भरले. चावणं कमी झालं, पण गेलं नाही. ते मान्य करून तिच्या हाताची काळजी घेत राहणं हाही उपचारच आहे. लेश-न्याहान नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्यात एक एन्झाइम नसल्यामुळे मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावून तोडतात. त्यांच्यावर शिक्षा चालत नाही, उलट वागणं बिघडतं. आणि त्यांतली कितीतरी मुलं स्वतःहून हात बांधायला सांगतात, बांधले की त्यांना हायसं वाटतं. एकाला जे बंधन छळ आहे, ते दुसऱ्यानं मागून घेतलेलं संरक्षण असतं. म्हणून ‘बांधणं वाईट’ असं एका वाक्यात मीही म्हणणार नाही. कुणी बांधलं, का, किती वेळ, कुणाला विचारून, आणि सोडण्याची वेळ कुणी ठरवली, हे सगळं विचारावं लागतं.

शिक्षेच्या बाजूचा खरा युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी रुग्णालयांमध्ये अशी मुलं वर्षानुवर्षं पलंगाला बांधलेली असत. मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९६९ मध्ये दाखवलं की मारून घेताक्षणी विजेचा झटका दिला तर हे वागणं फार झपाट्यानं थांबतं. ज्याचा डोळा जायच्या बेतात आहे त्याच्यासाठी हे मोलाचं वाटणं स्वाभाविक होतं. ‘परिणामकारक उपचार मिळणं हाही रुग्णाचा हक्क आहे’ असं या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींनी १९८८ मध्ये लिहिलं आणि तो मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण लोव्हास यांच्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली होती: जिथे झटका मिळाला तिथे आणि ज्यानं दिला त्याच्यासमोरच तो परिणाम टिकला. दुसरी खोली, दुसरं माणूस, की पुन्हा तेच. म्हणजे शिक्षा चालू ठेवायची तर ती सगळीकडे, सगळ्यांच्या हातात द्यावी लागते.

आणि सगळ्यांच्या हातात दिल्यावर काय होतं हे मॅसॅच्युसेट्समधल्या कँटन गावच्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेनं जगाला दाखवलं. तिथे मुलांच्या आणि प्रौढांच्या अंगावर इलेक्ट्रोड बांधलेले, बॅटरी पाठपिशवीत आणि रिमोट कर्मचाऱ्यांकडे. २००७ मध्ये कुणीतरी वरिष्ठ असल्याची बतावणी करून तिथल्या एका वसतिगृहात रात्री फोन केला, आणि कर्मचाऱ्यांनी त्या खोट्या फोनवर विसंबून एकाला ७७ आणि दुसऱ्याला २९ झटके दिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये स्वतःला इजा करणं आणि आक्रमक वागणं थांबवण्यासाठी ही उपकरणं वापरण्यावर बंदी घातली. एकाच वापरापुरती अशी बंदी घालण्याचा अधिकार त्यांना नाही, असं म्हणून न्यायालयानं २०२१ मध्ये ती उठवली. २०२२ च्या अखेरीस तिथल्या संसदेनं कायदा बदलून तो अधिकार दिला आणि २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा आला. न्यायालयात त्या सेंटरच्या बाजूनं काही आईबापही उभे होते. त्यांचा धावा मला कळतो. पण वर्तन विश्लेषकांच्या, म्हणजे याच कामातल्या तज्ज्ञांच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सभासदांनीच २०२२ मध्ये मतदानानं अशा झटक्यांना विरोध केला, हेही त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं.

आपल्याकडे विजेची पेटी नाही. कारलं आहे, पट्टी आहे, ओढणी आहे. प्रश्न मात्र तोच. चापट मारली की मूल क्षणभर गप्प होतं, आणि त्या गप्प होण्यातून मारणाऱ्यालाच बक्षीस मिळतं. उद्या त्याचा हात आणखी लवकर उठतो, परवा आणखी जोरात. रात्रपाळीला तीसेक मुलांमागे एखादी बाई असेल, तिला प्रशिक्षण नसेल आणि पगारही वेळेवर मिळत नसेल, तर तिच्या हातात शिक्षेचा अधिकार देणं हे त्या मुलांवर जितकं अन्यायाचं, तितकंच तिच्यावरही आहे.

संध्याकाळच्या खाण्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण लेखात ते ‘बक्षीस’ म्हणून आलंय. जे मुलाच्या हक्काचंच आहे ते काढून घ्यायचं आणि मग परत देताना त्याला बक्षीस म्हणायचं, ही शिक्षाच झाली. जेवण, पाणी, झोप, आईचा फोन, संडासला जाणं या गोष्टी कमवायच्या नसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्यानं जाणूनबुजून तिला अन्नपाणी नाकारलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. संस्थाचालकांनी आणि तुमच्या लेखकानंही हे कलम वाचावं. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणाची हमी आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करायला मनाई करतं.

बांधून ठेवण्याबद्दल मात्र एक मोठी फट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की साखळीनं बांधायचं नाही, एकांतात कोंडायचं नाही, आणि शारीरिक बंधन घालायचंच तर तात्काळ इजा टाळायचा तो एकच मार्ग उरला असेल तेव्हाच, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ नाही. नियम चांगला आहे. पण त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलंय. मग आमच्या मुलांच्या निवासी शाळेत एखाद्या पोराचे हात खुर्चीला बांधले गेले तर ती नोंद कुठे होणार आणि ती कोण तपासणार? राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागानं निवासी शाळांसाठी याबाबत स्पष्ट आदेश काढावा, अशी या पत्राद्वारे माझी मागणी आहे. आधी वैद्यकीय तपासणी आणि कारणाचा शोध झाल्याचा कागद. मुलाला काय शिकवलं जातंय याचा आराखडा. मुलाला अडवावं लागलंच, म्हणजे उशी मध्ये धरणं, हात पकडणं, हेल्मेट, तर त्याची त्याच दिवशी लेखी नोंद. आईबापांची समजून दिलेली संमती, जी ते कधीही मागे घेऊ शकतील. आणि संस्थेच्या पगारावर नसलेली, पूर्वसूचना न देता वही मागू शकणारी एक तरी व्यक्ती. वेदना देणारा उपाय या यादीत मी घातलेला नाही. ‘बाकी सगळं करून पाहिलं’ असं मला सांगितलं गेलं तेव्हा तेव्हा, वही उघडल्यावर बाकीचं सुरूच झालेलं नव्हतं, असंच मी पाहिलंय.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी अशा संस्थेत गेलात तर मुलगा शांत बसलाय एवढ्यावर परत फिरू नका. तो आधी काय मागत होता आणि आता ते कसं मागतो, हे विचारा. त्याच्या जवळ जाऊन हात वर करा आणि तो दचकतो का बघा. सुट्टीत घरी गेल्यावर कसा असतो हे त्याच्या आईला, संस्थेच्या माणसांपासून बाजूला घेऊन, विचारा. त्या चौदा वर्षांच्या मुलाचे कान आणि दात कुणी तपासलेत का, एवढं तरी या आठवड्यात त्या संस्थेला फोन करून विचाराल का? उत्तर आलं तर पुरवणीत त्याच जागी छापा.

माझं नाव कृपया छापू नये. मिरज लहान आहे, नावावरून वर्गातली मुलं ओळखू येतील.

आपली,
एक विशेष शिक्षिका, मिरज (जि. सांगली)